नंबर बदलला का?

नेरूळच्या नव्या जागेत आत्याला आणून जेमतेम दोन तास झाले होते. अॅम्ब्युलन्सवाला पैसे घेऊन गेला होता, डॉक्टर तपासून गेले होते आणि तिथल्या मावशींनी आत्याची बॅग पलंगाच्या पायथ्याशी उपडी करून कपड्यांची मोजदाद सुरू केली होती. सहा गाऊन, तीन परकर, दोन शाली, एक कानटोपी. प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला, गळ्याच्या पट्टीवर किंवा परकराच्या नेफ्यावर, काळ्या मार्करने ‘१४’ असे लिहिलेले होते. अशा ठिकाणी सगळ्यांचे कपडे एकत्र धुतले जातात, त्यामुळे तिथे नावापेक्षा पलंगाचा नंबर जास्त कामाला येतो. मावशींनी खिशातून मार्कर काढला, पहिल्या गाऊनवरच्या चौदावर आडवी रेघ ओढली आणि शेजारी ‘७’ लिहिले. मग दुसरा गाऊन, मग तिसरा. आत्या उशीला टेकून हे सगळे पाहत होती. सकाळपासून ती एक अक्षर बोलली नव्हती. चौथा गाऊन हातात घेतला तेव्हा मात्र तिने स्वच्छ, खणखणीत, ड्यूटीवरच्या आवाजात विचारले, “नंबर बदलला का?” मावशी म्हणाल्या, “हो आजी, आता तुमचा नंबर सात.” आत्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “मग जुन्या नंबरवर ज्यांचे फोन येतील, त्यांना कोण सांगणार?”

मावशी हसल्या, मीही हसलो.

रात्री सीवूड्सहून ठाण्याला परतताना, तुर्भ्याला गाडी सिग्नलसाठी थांबली होती तेव्हा ते वाक्य पहिल्यांदा टोचले. त्यानंतर ते गेलेच नाही. आत्याच्या हल्लीच्या बोलण्यातली निम्मी वाक्ये कुठल्या तरी जुन्या वर्षातून निसटून आलेली असतात, त्यांचा अर्थ लावत बसायचे नसते, असे डॉक्टरांनी सांगितले होते आणि मीही ते मान्य केले होते. हे वाक्यही त्यातलेच असे समजून सोडून देता आले असते. पण ‘कोण सांगणार’ हा प्रश्न, तो ज्या काळातून आला असेल त्या काळात ठेवला तरी, अगदी व्यवहार्य होता, आणि आत्याने सदतीस वर्षे नेमका तसाच व्यवहार केला होता.

आत्या टेलिफोन ऑपरेटर होती, ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे परगावचे फोन बुक करून जोडून देत त्या ठिकाणी. १९६२मध्ये ती टपाल व तार खात्यात लागली. त्यानंतर नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घराचे वेळापत्रक तिच्या पाळ्यांवर चालू लागले. रात्रपाळी असली की ती सकाळी पहिल्या गर्दीच्या उलट दिशेने ठाण्याला उतरायची, कौपिनेश्वराला बाहेरूनच हात जोडायची आणि घरी येऊन खिडकीला चादर लावून झोपायची. आम्ही पोरे दिवसभर कुजबुजत खेळायचो. माझ्या लहानपणी तिचे बोलणे मला फार थोर वाटे, कारण त्यात ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन प्रकारचे लोक असत. ऑर्डिनरीवाले तासन्‌तास वाट पाहत, अर्जंटवाले जास्त पैसे भरत, आणि लाइटनिंगवाल्यांच्या घरी बहुधा कुणीतरी गेलेले असे. कॉलची मोजणी तीन मिनिटांच्या हिशेबाने होई. तीन मिनिटे झाली की ऑपरेटरने मध्ये येऊन विचारायचे, “तीन मिनिटं झाली, वाढवू?” ती सांगायची की बरेच लोक तिसऱ्या मिनिटाला नेमके मुख्य विषयावर आलेले असतात, आधीची अडीच मिनिटे ‘ऐकू येतंय ना’ यातच जातात. पुढे गावोगावी एसटीडी पोचले, काचेच्या पिवळ्या खोक्यांची दुकाने निघाली, ट्रंक कॉलचे बुकिंग आटत गेले आणि आत्या शेवटची काही वर्षे १९७वर, म्हणजे चौकशीला बसली. तिथे ती दिवसभर लोकांना दुसऱ्या लोकांचे नंबर सांगायची. बदललेले नंबर तिला डायरी न बघता सांगता येत. मुंबईतले आकडे सहाचे सात आणि सातचे आठ झाले तेव्हा तिला राग आला होता, तो आकडा वाढल्याचा नव्हता. लोकांना नीट कळवले नाही, याचा होता.

आता आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. लग्न केले नाही, आणि का केले नाही हे विचारण्याची पद्धत आमच्या घरात नव्हती. तिला डिमेन्शिया असल्याचे निदान होऊन सहा वर्षे झाली. घरी ठेवण्याचे सगळे प्रकार करून झाले होते: दिवसाची बाई, रात्रीची बाई, ब्युरोची बाई, आणि ब्युरोची बाई गावाला गेल्यावर तिची बदली म्हणून आलेली तिची भावजय. शेवटी आत्या रात्री दीड वाजता ‘ड्यूटीला’ निघाली, जिन्यात पडली आणि खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर तिला घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला एका ठिकाणी ठेवले. आपल्याकडे या जागांना अजून धड शब्द नाही. नर्सिंग होम म्हटले की ठाण्यात बाळंतपण आठवते. वृद्धाश्रम म्हटले की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक सूक्ष्म निवाडा उमटतो, आणि केअर सेंटर हा शब्द फक्त पावतीवर असतो. त्यामुळे आम्ही सगळे ‘तिकडे’ म्हणतो. “आत्या कशी आहे?” “तिकडे आहे, बरी आहे.” विचारणारेही समजूतदार असतात, ‘तिकडे’च्या पलीकडे विचारत नाहीत.

तिकडे ती अडीच वर्षे होती. दोन मजली बंगला, पुढे बदामाचे झाड, खाली बायकांचे अठरा पलंग. प्रवेशाच्या फॉर्मवर ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात मी ‘भाचा’ लिहिले, तेव्हा व्यवस्थापकांनी मान वर करून पाहिले होते. मुलगा-मुलगी नसलेल्या वृद्धांची जबाबदारी, त्यांची मालमत्ता ज्याच्याकडे आहे किंवा जाणार आहे अशा नातेवाइकावर येते, अशी तरतूद २००७च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात आहे. ते त्यांना पाठ असणार. नौपाड्याची खोली तिने माझ्या नावे केलेली आहे, तिचे भाडे आणि आत्याची पेन्शन मिळून महिन्याचा खर्च भागतो, हे मला पाठ होते. तेव्हा त्या पाहण्यात काही चूक नव्हती. मी दर रविवारी सकाळी दहाला जायचो, केळी आणि डायपरचे पाकीट घेऊन, आणि साडेअकराला निघायचो. आत्या त्या वेळी बहुतेक आंघोळ करून, पावडर लावून, पेंगुळलेली असायची. शेजारच्या पंधरा नंबरच्या आजी भिंतीकडे तोंड करून असायच्या. मला त्यांच्याविषयी एवढेच माहीत होते की त्यांना अर्धांगवायू झाला आहे.

जानेवारीतल्या एका रविवारी मी लवकर पोचलो आणि डायपर बदलताना पडद्याच्या आत गेलो. माकडहाडावर रुपयाएवढी जांभळट लाल जागा होती. सिस्टर म्हणाल्या, “थोडं लाल झालंय, पावडर लावतोय.” दुसऱ्या दिवशी मी आमच्या नौपाड्यातल्या डॉक्टरांना सोबत नेले. त्यांनी त्या जागेवर बोट दाबून धरले आणि उचलले. मग तेच स्वतःच्या तळहातावर करून दाखवले. साधी लाली असेल, तर बोट उचलल्यावर ती जागा क्षणभर पांढरी पडते आणि पुन्हा रंग भरतो, रक्त खेळते आहे याची ती खूण. आत्याची जागा दाबली तरी तशीच गडद राहिली. सतत एकाच हाडावर भार पडला की तिथले रक्त थांबते आणि कातडी आतून मरायला लागते, वरून दिसते तेव्हा आत बरेच काही होऊन गेलेले असू शकते. टाचाही त्यांनी पाहिल्या, त्याही गरम होत्या. “दर दोन तासांनी कूस बदलायला हवी, रात्रीसुद्धा,” एवढेच ते म्हणाले, आणि तेही सिस्टरकडे न बघता.

मी घरी येऊन गणित मांडले. मला दुसरे काही सुचत नव्हते. अठरांपैकी नऊजणी स्वतः कूस बदलू शकत नव्हत्या. एकीला वळवायला, पाठीशी उशी लावायला, चादरीची सुरकुती काढायला दहा मिनिटे धरली तर नऊजणींना दीड तास लागतो. उरलेल्या अर्ध्या तासात ओले डायपर, पाणी, कुणाची उलटी, कुणाची हाक. अर्धा तास संपला की पुन्हा पहिला पलंग. रात्री तिथे मावशी एकच असायच्या. मी मनातल्या मनात त्या बाईंवर दोन दिवस रागावलो होतो, आणि गणित पुरे झाल्यावर लाज वाटली. राग मग व्यवस्थापकांकडे वळवला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, एअर बेडचे भाडे वेगळे पडेल असे सांगितले आणि सोडायचे असल्यास एक महिन्याची आगाऊ सूचना द्यावी लागते याची आठवण करून दिली.

पुढचे तीन आठवडे मी जागा पाहत हिंडलो. वहीत रकाने आखले होते: रात्री माणसे किती, एअर बेड आहे का, डॉक्टर रोज येतात का, जखमेचा फोटो काढून तारीख घालून ठेवतात का, स्टेशनपासून किती लांब, महिन्याचे किती. पाच जागा पाहिल्या. एका ठिकाणी फिनाईलचा वास इतका जोरात होता की तो कशावर तरी घातलेला असणार हे उघड होते. एका ठिकाणी सगळ्या बायकांचे केस एकाच मापाने कापलेले होते. नेरूळची जागा सगळ्या रकान्यांत बसली. रात्री बारा पलंगांना दोन मावशी आणि एक सिस्टर, आणि मी न सांगता रात्री साडेनऊला जाऊन थडकलो तरी कुणी दचकले नाही. मी त्याच रात्री पैसे भरले.

आपल्या भाषेत आजारी माणसाला एका ठिकाणाहून दुसरीकडे ‘नेत’ नाहीत, ‘हलवतात’. हे क्रियापद मला या महिन्यात फार वेळा वापरावे लागले. पहिल्यांदा काही वाटले नाही. मग आठवले की आमच्याकडे गणपतीलाही हलवतात. उत्तरपूजा झाली की अक्षता टाकायच्या, पुनरागमनाय च म्हणायचे आणि मूर्ती जागेवरच किंचित सरकवायची. उचलायची त्यानंतर. शाडूच्या मूर्तीला एवढी पूर्वसूचना देणाऱ्या घरातल्या माणसाने आत्याला आदल्या दिवशी काहीही सांगितले नाही. सांगून तिला काय कळणार, आणि कळले तर ती घाबरेल, असे आम्ही नवरा-बायकोने ठरवले. दोन्ही कारणे एकमेकांना छेद देतात, हे आमच्या लक्षात आले नाही.

त्या दिवशी सकाळी नऊला चादरीची चार टोके धरून आत्याला स्ट्रेचरवर घेतले. तिने हवेत हात करून काहीतरी पकडायचा प्रयत्न केला आणि अॅम्ब्युलन्सवाल्या मुलाची बाही पकडली. तो बिचारा तसाच वाकून चालत राहिला. कपाटातली तिची बॅग, औषधांचा डबा, चष्मा, केसपेपर, सगळे मी यादीप्रमाणे घेतले. निघताना खोलीभर नजर फिरवली ती काही राहिले का हे पाहण्यासाठी. अॅम्ब्युलन्सच्या काचा अर्ध्यापर्यंत दुधी होत्या, त्यामुळे माजिवड्याचा पूल, कोपरी, मुलुंड हे सगळे मला विजेचे खांब आणि जाहिरातींच्या वरच्या कडा एवढेच दिसले. आत्याला तेवढेही दिसत नसावे. ऐरोलीच्या पुलावर गाडी चढली आणि खाडीचा वास आत आला, ओहोटीच्या वेळी तिवरांच्या चिखलाला येतो तो, अंड्यासारखा, किंचित गोडसर. आत्याने डोळे उघडले. ठाण्यात वाढलेल्या माणसाला तो वास घाण वाटत नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली, काही विचारील असे वाटले, पण ऐरोली आले आणि वास गेला.

नवी जागा चांगली आहे. हे मी स्पष्ट लिहितो, कारण पुढचे वाचून कुणाला वेगळे वाटेल. जखम पहिल्या दोन आठवड्यांत आधी वाईट दिसली, वरची काळी कातडी निघाली, मग तळाशी लालबुंद दाणेदार मांस भरू लागले. सिस्टर दर चार दिवसांनी बाजूला मोजपट्टी धरून फोटो काढतात आणि मला पाठवतात. ऑफिसात जेवताना मी ते फोटो आनंदाने पाहिले आहेत. सहाव्या आठवड्यात ती जागा वाटाण्याएवढी उरली. वजन वाढले. पण संध्याकाळ झाली की आत्या अस्वस्थ होते. सहा-साडेसहाला पलंगाचा कठडा हलवते, शालीचे टोक पिळते, दाराकडे पाहते, कुणी जवळ आले तर हात झटकते. या आजारात दिवेलागणीला असे होते हे मला माहीत होते, तिथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितले. जागा बदलली की काही काळ वाढते, वेळ द्या, म्हणाले. झोपेच्या गोळीची त्यांना घाई नव्हती, हे मला आवडले. “आधीच्या ठिकाणी संध्याकाळी काय करायच्या?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, “शांत असायच्या.” मी अडीच वर्षांत एकदाही तिथे संध्याकाळी गेलो नव्हतो. तिकडे कधी तक्रार आली नाही, एवढ्यावरून मी उत्तर दिले होते.

डिपॉझिटचा चेक घ्यायला मला जुन्या जागेत जावे लागले. सूचनेच्या महिन्याचे आणि रंगकामाचे कापून उरलेली रक्कम होती. गुरुवार होता, ऑफिस सुटल्यावर पोचेपर्यंत साडेसहा वाजले. व्यवस्थापक कुठेतरी गेले होते, दहा मिनिटांत येतील म्हणून मी खालच्या हॉलमध्ये बसलो. दिवे लागले होते, टीव्हीवर आरती चालू होती, आणि भाताच्या पेजेचा वास येत होता. रात्रीच्या मावशी नुकत्याच आल्या होत्या. ज्यांच्यावर मी दोन दिवस रागावलो होतो, त्या याच. त्यांनी आधी जखमेचे विचारले, मी फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला, “छान भरतीये,” म्हणाल्या आणि मोबाइल परत देताना म्हणाल्या, “आजींचा फोन बंद झाला तसं पंधरावाल्यांचं जेवण कमी झालंय.”

कुठला फोन, मी विचारले.

मावशींनी पदराला हात पुसत सांगितले. संध्याकाळ झाली की आत्या शालीच्या टोकाची गुंडाळी करून कानाला लावायची आणि सुरू व्हायची, “हॅलो, ट्रंक. बोला.” पंधरा नंबरच्या आजींची वाचा गेलेली. सगळे कळते, पण अर्धांगवायूनंतर तोंडातून एकच शब्द निघतो, ‘हो’. पाणी हवे तरी हो, नको तरी हो. रागानेही हो, आणि दुखले तरीही हो. घरचे यायचे ते थोडा वेळ ‘हो काय हो’ करून कंटाळून जायचे. आत्याला मात्र काहीच अडचण नव्हती. ती विचारायची, “पुणे हवंय का?” त्या म्हणायच्या, हो. “ऐकू येतंय?” हो. “पार्टी लाइनवर आहे, बोला.” आणि मग पंधरा नंबरच्या आजी बोलायच्या, हो, हो हो, होऽ, वर-खाली, हसून, चिडून, कधी डोळे पुसत. आत्या ऐकत राहायची. मध्येच म्हणायची, “तीन मिनिटं झाली, वाढवू?” त्या म्हणायच्या, हो. “आम्ही हसायचो,” मावशी म्हणाल्या, “पण दोघींच्या पेजेच्या वाट्या रिकाम्या होईपर्यंत चालायचं ते. मला बरं पडायचं. तेवढ्या वेळात मी पलीकडच्या रांगेतल्या सगळ्यांना वळवून घ्यायचे.”

माझी वही तेव्हाही बॅगेतच होती.

मी पंधरा नंबरच्या पलंगाशी गेलो. चौदावर दुसऱ्या कुणी बाई होत्या, अंगावर चादर घेऊन गाढ झोपलेल्या. पंधराच्या आजी या वेळी भिंतीकडे वळलेल्या नव्हत्या, त्यांचे तोंड चौदाकडे होते. डावा हात कठड्यावर होता. मी माझे नाव सांगितले, आत्याचे नाव सांगितले, आणि ते नाव त्यांनी कधी ऐकले असेल का, असा विचार मनात आला म्हणून “चौदा नंबर” असेही म्हणालो. “तिला नेरूळला हलवलंय. पाठीला जखम झाली होती. आता बरी आहे. तुम्हाला सांगायचं राहून गेलं.” त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. “हो,” त्या म्हणाल्या. त्या होचा अर्थ मला लावता आला नाही.

मग मी एक करू नये ते केले, म्हणजे विचार न करता केले. नेरूळला फोन लावला, तिथल्या मावशींना आत्याच्या कानाशी मोबाइल धरायला सांगितले आणि माझा मोबाइल स्पीकरवर टाकून पंधराच्या आजींच्या उशीवर ठेवला. पलीकडून आधी कठड्याचा खडखडाट आला, मग “आजी, बोला, तुमच्यासाठी आहे,” असा मावशींचा आवाज, मग बराच वेळ नुसता पंख्याचा घरघराट. आत्याने मोबाइल कधीच फोन म्हणून मानला नाही. तो तिला चपटी वस्तू वाटते. इकडे आजींनी उशीकडे पाहिले, मग माझ्याकडे. “हो?” त्या म्हणाल्या. पलीकडे शांतता. “हो, हो हो,” त्या जरा मोठ्याने म्हणाल्या आणि डाव्या हाताने मोबाइल ओढायला गेल्या, तो उताणा पडला. मी तो सरळ केला. आता ठेवून द्यावा असे वाटत असतानाच आत्याचा आवाज आला, दुरून, बारीक, पण ड्यूटीवरचा.

“लाइन खराब आहे. बुकिंग रद्द करू की ठेवू?”

“हो,” पंधराच्या आजी म्हणाल्या.

मी घड्याळाकडे पाहिले. तीन मिनिटे व्हायला अजून वेळ होता.